निकालावरचे अनुदान आणि शाळा-तपासनीस मॅथ्यू अर्नोल्ड

सरकारी पैशावर चालणाऱ्या प्राथमिक शाळेने त्या पैशाचा हिशेब द्यावा की नाही, याबद्दल आज कोणी वाद घालीत नाही. वाद आहे तो हा हिशेब कोणत्या मापाने घ्यावयाचा, याबद्दल. मुलांना परीक्षेत पडलेले गुण हेच माप धरावे आणि गुण कमी पडले तर शाळेचे अनुदान कापावे किंवा शिक्षकाची वेतनवाढ रोखावी, ही कल्पना अधूनमधून डोके वर काढते. प्रत्येक वेळी ती अगदी ताजी, शास्त्रीय आणि व्यवहारी म्हणून मांडली जाते. वस्तुतः तिचा एक फार मोठा व दीर्घ प्रयोग इंग्लंडमध्ये १८६२ पासून सुमारे तीन दशके होऊन गेला आहे. त्या प्रयोगाचा सर्वांत डोळस साक्षीदार हा त्याच प्रयोगात परीक्षक म्हणून नेमलेला सरकारी नोकर होता. त्याचे नाव मॅथ्यू अर्नोल्ड. आपल्या महाविद्यालयांतून इंग्रजी साहित्य शिकलेल्या पिढ्यांना तो ‘डोव्हर बीच’चा कवी आणि ‘कल्चर अँड अनार्की’चा लेखक म्हणून परिचित आहे. पण कविता आणि टीकालेखन हे त्याचे नोकरीतून वेळ चोरून केलेले उद्योग होते. पोटाचा व्यवसाय ३५ वर्षे एकच होता आणि तो म्हणजे गोरगरिबांच्या प्राथमिक शाळा तपासण्याचा.

अर्नोल्डचा जन्म २४ डिसेंबर १८२२ रोजी टेम्स नदीकाठच्या लेलहॅम या गावी झाला. वडील टॉमस अर्नोल्ड १८२८ मध्ये रग्बी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि १८४२ मध्ये अकाली वारले तेव्हा इंग्लंडातील सर्वांत नामांकित मुख्याध्यापक म्हणून त्यांची कीर्ती होती. अशा पित्याच्या पोटी जन्मलेले हे चिरंजीव तरुणपणी मात्र छानछोकीचे कपडे घालणारे, थट्टेखोर आणि अभ्यासाकडे कानाडोळा करणारे म्हणूनच ओळखले जात. ऑक्सफर्डच्या बॅलिऑल कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, १८४३ मध्ये कवितेचे न्यूडिगेट पारितोषिक मिळाले, पण १८४४ च्या पदवी परीक्षेत पहिला वर्ग हुकला. पुढे निकालांविषयी ज्याने एवढे लिहिले, त्याचा स्वतःचा निकाल असा बेताचाच होता, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. पुढच्या वर्षी ओरिएल कॉलेजची फेलोशिप मिळाली. १८४७ मध्ये तो लॉर्ड लॅन्सडाऊन या मुत्सद्द्याचा खासगी चिटणीस झाला.

याच सुमारास न्यायमूर्ती वाइटमन यांच्या कन्येशी त्याचे मन जडले. खासगी चिटणिसाच्या तुटपुंज्या प्राप्तीवर मुलगी द्यावयास न्यायमूर्ती तयार नव्हते. लॅन्सडाऊनच्या हाती शिक्षण समितीच्या नेमणुका होत्या. त्याने शाळा-तपासनीसाची जागा देऊ केली, एप्रिल १८५१ मध्ये नेमणूक झाली आणि जूनमध्ये लग्न. शिक्षणाच्या तळमळीने आपण या खात्यात आलो, असा आव अर्नोल्डने कधी आणला नाही. लग्न करावयाचे होते म्हणून तपासनीस झालो, असे त्याने निवृत्तीनंतर शिक्षकांच्याच सभेत मोकळेपणाने सांगितले.

त्या काळी इंग्लंडमध्ये सरकारी शाळा अशी वस्तूच नव्हती. शाळा धर्मसंस्था चालवीत आणि सरकार त्यांना पैसा देई. हे अनुदान १८३३ मध्ये २०,००० पौंडांनी सुरू झाले, १८३९ मध्ये त्यावर देखरेख ठेवणारी समिती आली आणि तिच्यामागोमाग तपासनीस आले. चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळा तपासावयास धर्मोपदेशकच लागत. अर्नोल्ड धर्मोपदेशक नसल्यामुळे त्याच्या वाट्याला वेस्लीपंथीय आणि तत्सम इतर प्रॉटेस्टंट पंथांच्या शाळा आल्या. त्या संख्येने विरळ आणि दूरदूर पसरलेल्या होत्या. परिणामी त्याचा विभाग मिडलंड्सपासून वेल्सपर्यंत पसरला. पहिली काही वर्षे या नवपरिणीत दांपत्याला घरच नव्हते. आगगाडी, भाड्याच्या खोल्या, पुन्हा आगगाडी असा क्रम चाले. एक मूल डर्बी येथे असल्याच भाड्याच्या जागेत जन्मले. मागे अनाथ-दरिद्र्यांचे कोंडवाडावजा आश्रयस्थान आणि समोर गुन्हेगारांचे सुधारगृह, असा त्या घराचा शेजार होता. दिवसभर शाळा तपासावयाच्या आणि रात्री उमेदवार शिक्षकांच्या उत्तरपत्रिकांचे ढीग उपसावयाचे. या कामाचा त्याला मनापासून कंटाळा येई आणि घरच्या पत्रांतून तो कंटाळा त्याने लपविलेला नाही. परंतु ज्या कष्टकरी आणि दुकानदार वर्गाविषयी त्याचे ऑक्सफर्डचे मित्र केवळ ऐकून होते, तो वर्ग त्याने वर्षानुवर्षे जवळून पाहिला, तो या रखडपट्टीमुळेच.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढच्या वादात तिचा विपर्यास होतो. शाळांना कोणी जाब विचारू नये, असे अर्नोल्डचे मत कधीच नव्हते. १८५४ च्या अहवालात त्याने अगदी उलट भूमिका घेतली आहे. शाळा गरीब आहे, शिक्षक बिचारा कष्टाळू आहे, चालक भले गृहस्थ आहेत, अशा सबबींखाली तपासनिसाने उणिवा झाकू नयेत. सत्य शोधून ते कळविणे हेच तपासणीचे पहिले प्रयोजन आहे, अशा अर्थाचे त्याचे प्रतिपादन होते. शाळांतील वाचनपुस्तकांच्या रटाळपणावर तर त्याने सतत टीका केली. गुळमुळीत शेरे मारून दक्षिणा घेऊन जाणारा हा तपासनीस नव्हता.

१८५९ मध्ये न्यूकॅसल आयोगाच्या वतीने त्याला फ्रान्स, हॉलंड आणि स्वित्झर्लंडमधील शाळा पाहण्यास पाठविण्यात आले. हॉलंडने १८०६ च्या कायद्याने तपासणीची जी यंत्रणा उभारली होती आणि फ्रान्सने राज्यसंस्थेच्या अधिकाराने गावोगाव ज्या शाळा नेल्या होत्या, त्यांचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. शिक्षण हे धर्मादाय काम नसून राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार तो तेथून घेऊन आला. याच दौऱ्यात एक कौटुंबिक आघातही झाला. त्याचा धाकटा भाऊ विल्यम १८५६ पासून पंजाबच्या शिक्षण खात्याचा संचालक होता. प्रकृती ढासळल्याने स्वदेशी परतत असता एप्रिल १८५९ मध्ये जिब्राल्टर येथे तो वारला. त्याच्या चार पोरक्या मुलांना अर्नोल्डची बहीण जेन आणि तिचे पती विल्यम फॉर्स्टर यांनी आपले म्हणून वाढविले. (पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य असलेले आणि ‘द लाइट ऑफ एशिया’ लिहिणारे एडविन अर्नोल्ड यांचा या घराण्याशी संबंध नाही, आपल्याकडे हा घोटाळा वरचेवर होतो.)

लो याचे गणित

अर्नोल्ड परत आला तेव्हा लंडनमध्ये वारे फिरले होते. अनुदानाचा आकडा आठ लाख पौंडांच्या वर गेला होता आणि क्रिमियाच्या युद्धानंतर पार्लमेंट काटकसरीची भाषा बोलू लागले होते. न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. वरच्या वर्गातील हुशार मुलांवर मास्तर मेहनत घेतात, तीच मुले तपासनिसापुढे उभी करतात आणि खालच्या वर्गांतील बहुसंख्य मुले धड वाचावयास शिकण्यापूर्वीच शाळा सोडतात, असा त्याचा मुख्य आक्षेप होता. हा आक्षेप खोटा नव्हता. आपल्याकडे ‘दिपोटी’ येणार म्हणून शाळा सारवून, हुशार पोरे पुढच्या रांगेत बसविल्याच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो सहज पटेल.

शिक्षण समितीचा उपाध्यक्ष होता रॉबर्ट लो. दृष्टी अत्यंत अधू, बुद्धी अत्यंत तल्लख, ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत आणि ‘टाइम्स’चा अग्रलेखक. अग्रलेखकाच्या हाती खाते आले म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणून वृत्तपत्रकारांनी तरी त्याच्याकडे नम्रपणे पाहावे. खुल्या बाजारावर त्याची नितांत श्रद्धा होती आणि शाळेलाही बाजाराचाच न्याय लावावा, असे त्याला वाटे. माल पाहून दाम मोजावा. मुले शिकली असतील तर पैसा खर्च होईल. शिकली नसतील तर तो तिजोरीत वाचेल. दोन्हीकडून सरकारचा फायदाच, अशी ही दुहेरी हमी होती. १८६१ मध्ये मांडलेली आणि विरोधानंतर थोडी सौम्य करून १८६२ मध्ये लागू झालेली ‘सुधारित संहिता’ ती हीच.

तिचा तपशील समजून घेण्यासारखा आहे. सरासरी उपस्थितीवर दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. ज्या मुलाने वर्षात २०० हून अधिक वेळा हजेरी लावली असेल त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग. मात्र ते मूल तपासनिसापुढे वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्ही विषयांत उत्तीर्ण झाले पाहिजे. एका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात, तिन्हींत झाले की आठही शिलिंग गेले. सहा वर्षांखालील बालकांचीही अशी परीक्षा घ्यावी हा मूळ बेत होता, तो विरोधामुळे सोडावा लागला. सहा इयत्ता ठरविण्यात आल्या. पहिलीच्या मुलाने लहान लहान शब्दांची गोष्ट वाचावी, सांगितलेली अक्षरे पाटीवर काढावीत, २० पर्यंतचे आकडे ओळखावेत. सहावीच्या मुलाने वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद वाचून दाखवावा. इतिहास, भूगोल, कविता यांना त्या पहिल्या संहितेत एक पेनीचीही किंमत नव्हती. पूर्वी शिक्षकाच्या वेतनाला आणि उमेदवार शिक्षकांच्या विद्यावेतनाला सरकारकडून थेट मदत मिळे, ती बंद झाली. आता सारा पैसा चालकांच्या हाती एकगठ्ठा पडे आणि बऱ्याच ठिकाणी चालक शिक्षकाचा पगार त्या अनुदानाशी बांधीत. म्हणजे वर्गात अडखळणारे पोर हे मास्तरच्या घरातल्या भाकरीचा तुकडा कमी करणारे पोर झाले.

मार्च १८६२ मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये या संहितेवर एक जळजळीत लेख निनावी प्रसिद्ध झाला. लेखक अर्नोल्ड होता. आपल्याच खात्याच्या प्रमुखाविरुद्ध, आपलीच नोकरी पणाला लावून त्याने तो लिहिला होता. घरी लहान मुले होती आणि नोकरी गेली असती तर दुसरा आधार नव्हता. या लेखाच्या प्रती जुन्या खात्याचे शिल्पकार के-शटलवर्थ यांनी खासदारांत वाटल्या. लेखकाचे नाव फार काळ गुप्त राहिले नाही, पण लो याने त्याला काढले नाही, हेही त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

अर्नोल्डचा युक्तिवाद भावनेचा नव्हता, हिशेबाचाच होता. ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला वाचता येण्यास जो काळ लागतो तो सुशिक्षित घरातल्या मुलापेक्षा कितीतरी अधिक असतो. अशा मुलांची हजेरी विस्कळीत, शाळा सोडण्याचे वय लहान. त्यामुळे निकालावर पैसा ठेवला की ज्या शाळेला पैशाची सर्वाधिक गरज, तिचाच पैसा सर्वांत आधी तुटेल. शिवाय सरकार जे देते ते केवळ वाचन-लेखन-गणिताच्या तीन नाण्यांचे मोल नाही. अंधाऱ्या वस्तीत एक स्वच्छ, शिस्तीची, माणुसकीची जागा उभी राहावी यासाठी ते देते. त्या साऱ्याची किंमत शून्य धरणे हा लो याच्या जमाखर्चातील घोटाळा आहे. तपासनिसाविषयीही त्याचे म्हणणे होते. शाळेचा जीव कसा आहे हे पाहणारा अधिकारी आता दर मुलापुढे फुली की खूण करणारा कारकून बनेल. शाळेचा आत्मा त्याला दिसणार नाही, कारण पाहावयास वेळच उरणार नाही.

बारा शिलिंगांचे मूल

पुढे जे घडले ते त्याने भाकीत केल्याप्रमाणे घडले. तिजोरीचा फायदा तात्काळ झाला. १८६५ पर्यंत अनुदान साडेसहा लाख पौंडांच्याही खाली उतरले. किंमत मोजली ती शाळांनी. अर्नोल्डच्या १८६७ च्या अहवालात एक आकडा आहे. १८६१ मध्ये दर ३६ मुलांमागे एक उमेदवार शिक्षक होता. १८६६ मध्ये तो दर ५४ मुलांमागे एक झाला. शाळांत एक प्रकारचा निर्जीवपणा आला आहे आणि शिक्षकांचा उत्साह मावळला आहे, असे त्याने त्याच अहवालात निःसंदिग्धपणे लिहिले.

१८६९ चा अहवाल याहून महत्त्वाचा आहे, कारण त्यात त्याने युक्तीचे यंत्र उघडून दाखविले. वर्षारंभी एका इयत्तेसाठी एक पुस्तक निवडावयाचे, वर्षभर तेच घोकावयाचे आणि तपासनीस आला की तेच पुढे करावयाचे. मूल दोन वाक्ये सुरेख वाचून दाखवी. दुसरे कोणतेही पुस्तक हाती दिले की ते ठेचाळे. लेखनाचे आणि गणिताचेही तेच. सारांश, वाचता, लिहिता, हिशेब करता न येणाऱ्या मुलालाही वाचन, लेखन, हिशेबात उत्तीर्ण करून घेता येते, हे शिक्षकांनी शोधून काढले होते. अर्नोल्डने यासाठी शिक्षकांना गुन्हेगार ठरविले नाही, हे त्याचे मोठेपण. ज्याचा पगार या खेळावर अवलंबून आहे तो खेळात प्रवीण होणारच. दोष खेळ मांडणाऱ्याचा. त्या संहितेने प्रत्येक शाळेला रोजनिशी ठेवण्याची सक्ती केली होती. परीक्षेच्या दिवसाचे दडपण आणि गैरहजर मुलांमुळे बुडणाऱ्या पैशाची चिंता अशा रोजनिशींतून आजही वाचावयास मिळते.

हा केवळ शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा इतिहास नव्हे. अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन-गणिताची चाचणी सक्तीची केली, २०१४ पर्यंत प्रत्येक मूल पात्र ठरलेच पाहिजे असे फर्मावले आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाईचा बडगा ठेवला. अटलांटा शहरात २००९ च्या चाचण्यांत शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीच मुलांची चुकलेली उत्तरे खोडून दुरुस्त केल्याचे राज्य सरकारच्या चौकशीत २०११ मध्ये बाहेर आले. २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले आणि त्याच वर्षअखेर तो कायदाही बदलण्यात आला. व्हिक्टोरियाच्या काळातील मास्तर मुलाकडून पाठ करून घेत असे. अटलांटाच्या मास्तरांनी मुलाला तेवढीही तसदी दिली नाही.

लो याच्या बाजूने बोलणारे इतिहासकार आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. या संहितेमुळे शेवटच्या बाकावरचे पोर प्रथमच हिशेबात आले. ते शिकले नाही तर शाळेचे नुकसान होई, म्हणून त्याच्याकडे पाहणे भाग पडले. अर्नोल्डला या मुद्द्याचे पुरेसे समाधानकारक उत्तर कधी देता आले असे म्हणवत नाही. राज्याने जाणते, स्वतंत्र तपासनीस नेमावेत, त्यांनी सगळी शाळा पाहावी, निर्भीड अहवाल द्यावा आणि दुबळ्या शाळेला अधिक मदत द्यावी, ही त्याची पर्यायी मांडणी होती. ती उत्तम होती. पण तीत तपासनीस अर्नोल्डसारखा असावा लागतो, आणि अर्नोल्ड खात्याला एकच मिळाला होता. त्यातही तो बारीकसारीक नोंदींबाबत काटेकोर म्हणून ख्यात नव्हता. उत्तरकाळात परीक्षेचा बराचसा भार त्याने सहायकावर सोपविला होता. मुलांशी तो सौम्यपणे वागे, त्याला घाबरून मूल गडबडले असे सहसा होत नसे. पण ज्या यंत्राचा तो निषेध करीत होता त्याचेच तो चाकही होता आणि याची त्याला बोच होती.

याच वर्षांत त्याचे घर पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झाले. १८६८ च्या जानेवारीत तान्हा बेसिल गेला, नोव्हेंबरात सोळा वर्षांचा टॉमस गेला, १८७२ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम. तपासणीचे वेळापत्रक त्यासाठी फार थांबले नाही. ऑक्सफर्डमधील काव्याचे प्राध्यापकपद त्याने १८५७ ते १८६७ अशी दहा वर्षे सांभाळले आणि लॅटिनची परंपरा मोडून इंग्रजीत व्याख्याने दिली. परंतु त्यानंतर कविता जवळजवळ आटलीच. गद्य मात्र वाढत गेले. ‘कल्चर अँड अनार्की’ १८६९ मधली, म्हणजे त्या गाजलेल्या अहवालाच्याच वर्षातली. समाज यंत्रावर विश्वास ठेवतो आणि यंत्र कशासाठी आहे ते विसरतो, ही त्या ग्रंथातील तक्रार त्याने ग्रंथालयात बसून शोधलेली नाही. परीक्षेच्या तक्त्यांवर खुणा करतानाच ती त्याला सुचली असली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१८७० चा प्रसिद्ध प्राथमिक शिक्षण कायदा मांडला तो त्याचे मेहुणे फॉर्स्टर यांनीच. त्यातून ठिकठिकाणी निर्वाचित शाळा-मंडळे आली. पंथवार तपासणी संपली आणि अर्नोल्डची भटकंती थांबून लंडनमधील वेस्टमिन्स्टर हा विभाग त्याच्याकडे आला. निकालावरचे अनुदान मात्र तसेच राहिले. उलट एकेक विषय वाढवून त्यालाही दर लावण्यात आला. विषय वाढविल्याने यंत्रपणा जाणार नाही, नव्या विषयांनाही त्याची लागण होईल, हा इशारा त्याने दिला होता. आपल्या परीने तो चोरवाटा शोधीत राहिला. शाळांतून चांगली कविता पाठ करून घ्यावी यासाठी त्याने खूप आग्रह धरला. घोकंपट्टीच करावयाची तर ती उत्तम शब्दांची करावी, असा त्यातला भाव होता. १८७२ मध्ये बायबलातील यशयाचा उत्तरार्ध त्याने शाळकरी मुलांसाठी टीपांसह संपादित केला. धर्मोपदेशासाठी नव्हे, तर गरिबाच्या मुलाच्या हाती एक तरी थोर साहित्यकृती सलग पडावी यासाठी.

पुण्यापर्यंत आलेली पद्धत

लो याची ही कल्पना साम्राज्याबरोबर प्रवास करून मुंबई इलाख्यात आली. येथे खासगी शाळांना अनुदान देताना परीक्षेच्या निकालाचे तत्त्व लावण्यात आले. १८८२ च्या हंटर आयोगाने कॉलेजांसाठी ते नाकारले, पण देशी प्राथमिक शाळांसाठी मात्र त्याचीच शिफारस केली. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले, आणि ते अर्नोल्डच्या अहवालांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. गावच्या शिक्षकाला किमान १२ रुपये पगार द्यावा, मोठ्या गावी १५ ते २० द्यावा. डेप्युटीने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही, तपासणी निदान तिमाही व्हावी आणि आगाऊ सूचना न देता व्हावी. आणि जो शिक्षक अधिक मुले उत्तीर्ण करील त्याला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

वरवर पाहता या शेवटच्या मागणीत लो याचा सूर ऐकू येतो. नीट पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. जोतीराव आधी पोटभर पगाराची हमी मागतात आणि भत्ता त्यावर ठेवतात. लो याने पोटावरच परीक्षा घेतली होती. दुसरी गोष्ट म्हणजे जोतीरावांच्या जाबाची दिशाच निराळी होती. शेतकऱ्याकडून लोकल फंडाचा कर वसूल होतो, त्यातला निम्मा तरी प्राथमिक शिक्षणावर का खर्च होत नाही, असा त्यांचा सवाल होता. शाळेने सरकारला हिशेब देण्याआधी सरकारने रयतेला हिशेब द्यावा, हा क्रम इंग्लंडमधील वादात कोणी एवढ्या स्पष्टपणे लावलेला नाही. अर्नोल्डच्या लेखात त्याच्या जवळपास जाणारे काही आहे. पण तो बोलत होता गरिबांच्या वतीने, जोतीराव बोलत होते त्यांच्यातून.

आपल्याकडील आजची स्थिती या दोघांनाही चमत्कारिक वाटली असती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. या दुरुस्तीचे समर्थन शाळांची जबाबदारी वाढेल म्हणून करण्यात येते. पण येथे नापास होते ते मूल. शाळा नापास होत नाही आणि खातेही होत नाही. दुसरीकडे २००५ पासून ‘असर’ची पाहणी ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांना एक छोटा उतारा वाचावयास देते आणि पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे सत्य आपल्याला वारंवार सांगते. ही मोजणी विश्वसनीय राहिली याचे एक कारण उघड आहे. तिच्या निकालावर कोणाचे अनुदान किंवा बढती अवलंबून नाही, त्यामुळे मुलाला आधी पढवून ठेवण्यात कोणाचा फायदा नाही. उद्या त्याच उताऱ्यावर शिक्षकांची वेतनवाढ ठरवा. दोन वर्षांत महाराष्ट्रातील प्रत्येक मूल तो उतारा बिनचूक म्हणेल.

अर्नोल्डला शेवटी वरिष्ठपद मिळाले, पण उशिरा. १८८४ मध्ये तो मुख्य तपासनीस झाला. १८८५-८६ च्या हिवाळ्यात खात्याने त्याला पुन्हा जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या प्राथमिक शाळा पाहण्यास धाडले. त्या देशांत निकालावर पैसे देण्याची प्रथा नसताना मुलांचे ज्ञान इंग्रज मुलांहून सरस आहे, हे त्याने पुनश्च नोंदविले. क्रॉस आयोगापुढे साक्ष दिली आणि एप्रिल १८८६ अखेर तो निवृत्त झाला. नोव्हेंबरात वेस्टमिन्स्टरच्या प्राथमिक शिक्षकांनी वर्गणी काढून त्याला चांदीची सुरई आणि तबक भेट दिले. ज्यांच्या मुलांना त्याने नापास केले असेल आणि त्यामुळे ज्यांचे शिलिंग बुडाले असतील, अशी माणसेही त्या सभेत असणारच.

१५ एप्रिल १८८८ रोजी अमेरिकेहून येणाऱ्या मुलीला उतरवून घेण्यासाठी तो लिव्हरपूलला गेला होता. ट्राम गाठण्याच्या घाईत हृदयविकाराने त्याचा तेथेच अंत झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९० च्या संहितेने वाचन-लेखन-गणिताच्या वैयक्तिक निकालावरचे अनुदान बंद केले आणि दशक संपण्यापूर्वी उरलेसुरले अवशेषही गेले. आपल्याकडे ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत रेंगाळले. १९११ मध्ये एडमंड होम्स या निवृत्त मुख्य तपासनिसाने एक पुस्तक लिहिले. १८७५ मध्ये तो खात्यात आला होता आणि त्या पद्धतीत स्वतः परीक्षा घेत होता. संहिता जाऊन कितीतरी वर्षे झाली, तरी तिच्यात घडलेले शिक्षक मिळालेल्या मोकळिकीचे काय करावे हे न कळून जुन्याच पद्धतीने शिकवीत आहेत, असे त्यात त्याने नमूद केले.